ऐकू येतंय का?

श्रवणाच्या संशोधनात उमेदीची सगळी वर्षं गेली. भौतिकशास्त्र शिकून या विषयात आले, तेव्हा वाटायचं की आवाज नीट मोजला की ऐकणं आपोआप उलगडेल. आवाज मोजणं फारसं अवघड नाही. चांगला मायक्रोफोन आणि थोडी शिस्त असली की जमतं. ऐकणं मात्र ज्याचं त्याच्यापाशी असतं, आणि ते समजून घ्यायला त्याला विचारण्यावाचून गत्यंतर नाही. या क्षेत्रात नव्याने येणारी मुलं ‘मॅडम, काही टिप्स द्या’ म्हणतात. टिप्स माझ्याकडे नाहीत. काम करता करता पटत गेलेल्या काही गोष्टी आहेत, त्या आठवतील त्या क्रमाने लिहिते.

१. ‘ऐकू आलं’ हे उत्तर एकट्या कानाचं नसतं

श्रवणचाचणी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेली असते. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीक ‘टूं’ ऐकू आलं की बटण दाबायचं. तपासणारा आवाज १० डेसिबलने उतरवतो, ऐकू येईनासा झाला की ५-५ने चढवतो. दवाखान्यात एवढं पुरतं. संशोधनात पुरत नाही, कारण बटणावरच्या बोटात माणसाचा स्वभाव उतरलेला असतो. बँकेत कॅशवर बसणारा एक तरुण आमच्याकडे यायचा; पुरती खात्री पटल्याशिवाय त्याचं बोट हलायचं नाही. त्याच्याच वयाचा इंजिनिअरिंगचा एक मुलगा चाचणीला परीक्षा समजायचा आणि आवाज नसतानाही बटण दाबत सुटायचा. चाचणीचा आलेख, म्हणजे ऑडिओग्राम, पाहून कोणीही म्हणालं असतं की या दोघांच्या कानांत मोठा फरक आहे. पद्धत बदलून तपासलं तर तो फरक जवळजवळ नाहीसाच झाला.

या दुखण्यावरचा उपाय रडारच्या अभ्यासातून आला. पडद्यावरचा ठिपका खरंच विमानाचा आहे की नुसता गोंधळ, हे ठरवणाऱ्या माणसाची नजर वेगळी मोजायची आणि त्याची सावधगिरी वेगळी. ग्रीन आणि स्वेट्स यांनी १९६६च्या त्यांच्या ग्रंथात ही दृष्टी आमच्या विषयात पक्की रुजवली. तेव्हापासून आम्ही ‘आला का?’ असं विचारत नाही. एकामागून एक दोन क्षण देतो आणि ‘आवाज पहिल्यात होता की दुसऱ्यात?’ असं विचारतो. माहीत नाही म्हणायची मुभा नसते. लागोपाठ दोनदा बरोबर आलं की आवाज एक पायरी खाली, एकदा चुकलं की एक पायरी वर. लेविट यांनी १९७१मध्ये दाखवलं की अशी चढउतार शेवटी ७०.७ टक्के बरोबर उत्तरांच्या पातळीवर येऊन स्थिरावते.

मला यातली सगळ्यांत आवडती गोष्ट म्हणजे बाहेर येणाऱ्यांचे चेहरे. जवळजवळ प्रत्येक जण ओशाळून सांगतो, ‘मॅडम, मला काही ऐकू येत नव्हतं, मी आपलं अंदाजपंचे दाहोदरसे सांगत होतो.’ निव्वळ अंदाजाने शंभरातली पन्नास उत्तरं बरोबर यायला हवीत. यांची सत्तर आलेली असतात. म्हणजे कानाने टिपलेलं असतं, पण मालकापर्यंत वर्दी पोचलेली नसते.

२. खोलीवर विश्वास ठेवू नका

मुंबईत ‘ध्वनिरोधक’ खोली म्हणजे लोकलपासून थोडं लांब असलेली खोली. खर्जातली घरघर भिंतीतून येते आणि ती दाराच्या रबराने अडत नाही. एसी चालू असेल तर मोजमाप विसरा. आम्ही तो बंद करून घामाघूम होत प्रयोग केले आहेत. जुन्या ट्यूबलाइटचा चोक १०० हर्ट्झची गुणगुण करतो. हेडफोन रोज सकाळी तपासून घ्या आणि प्रयोगाला पहिले आपण बसा. माझ्या कानांना आता वरच्या कंप्रता लागत नाहीत, त्यामुळे शेवटच्या काही वर्षांत हे काम विद्यार्थ्यांकडे गेलं. रातकिडे गप्प झाले की वय झालं समजावं.

३. जे वाजलंच नाही तेही ऐकू येतं, आणि जे कोणी छेडलं नाही ते खरोखर वाजत असतं

जुन्या लँडलाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंप्रता जायच्या. पुरुषाच्या आवाजाची मूळ कंप्रता असते १०० ते १५०च्या घरात. म्हणजे गावाहून वडिलांचा फोन आला की त्यांच्या आवाजाचा पाया तारेतून येतच नसे. तरी आवाज त्यांचाच, तेवढ्याच खर्जातला ऐकू यायचा. वरचे स्वरांश २४०, ३६०, ४८० असे असतील तर ते सगळे १२०च्या पटीत आहेत हे आपली श्रवणयंत्रणा ओळखते आणि १२०चा स्वर ऐकवते. १८४१मध्ये झीबेक यांनी सायरनवर प्रयोग करून हे सांगितलं, ओह्म यांनी विरोध केला, पुढे हेल्महोल्ट्झ ओह्म यांच्या बाजूने उभे राहिले आणि एवढं वजनदार नाव पडल्यावर वाद तिथेच मिटल्यासारखा झाला. १९३०च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये शाउटेन यांनी तो पुन्हा उकरून काढला. झीबेक यांचं म्हणणं दुर्लक्षून चालण्यासारखं नव्हतंच.

याची दुसरी बाजू मला माझ्या माहेरी, मिरजेत भेटली. तानपुऱ्याला तारा चार: पंचम, दोन जोडाचे षड्ज आणि खर्ज. गंधाराची तार नाही. पण तानपुरा नीट लागला की गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. इथे मात्र कान काही रचत नाही. खर्जाच्या तारेचा पाचवा स्वरांश म्हणजे दोन सप्तकं वरचा शुद्ध गंधार, आणि तो हवेत खरोखर असतो. इतर बऱ्याच तंतुवाद्यांत असे वरचे अंश चटकन मरतात. तानपुऱ्यात ते टिकतात ते जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या किंचित उतरत्या पाठीवर तार ज्या तऱ्हेने टेकते आणि सुटते त्यामुळे. सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्ये यावर लिहिलं. तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वरांशाचा निश्चल बिंदू येतो, तो स्वरांश उमटू नये असा यंग-हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तानपुरा तो नियम पाळत नाही, हे रामन यांना कानाने जाणवलं आणि मग त्यांनी ते दाखवून दिलं.

मी रेकॉर्डर घेऊन एका तंतुवाद्य कारागिरांकडे बसले होते. ते तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवत होते, केसभर पुढे, केसभर मागे. एका हाताने तार छेडायची, दुसऱ्या हाताच्या नखाने दोरा ढकलायचा आणि नजर मात्र रस्त्यावरच्या रिक्षांकडे. एका जागी आल्यावर आवाज एकदम फुलला आणि त्यांनी हात काढून घेतला.

‘दादा, हीच जागा कशावरून?’

‘आवाज उघडला की ताई. न कळायला काय झालं?’

प्रयोगशाळेत आणून पाहिलं तर दोरा असताना आणि नसताना आलेखात फरक ठसठशीत दिसत होता. वरचे स्वरांश वाढलेले, जास्त वेळ टिकलेले. पण नेमकं किती वाढलं की आवाज ‘उघडला’ म्हणायचं, याचा एक आकडा मला सापडला नाही. विद्यार्थ्यांना मी सांगते की आधी अशा माणसाशेजारी बसा आणि मग सॉफ्टवेअर उघडा. काय मोजायचं ते त्याला माहीत असतं.

४. मेलेल्या कानावरून जिवंत कानाबद्दल बोलताना जपून

गेओर्ग फॉन बेकेशी हा आमच्या विषयातला मोठा माणूस. बुडापेस्टमध्ये टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करताना त्यांना प्रश्न पडला, की तारा कितीही सुधारा, पलीकडचा कान काय करतो हे कुठे माहीत आहे? मृतांचे कान घेऊन, आतल्या अडीच वेढ्यांच्या कॉक्लियाला खिडकी पाडून, चांदीचे कण टाकून, लुकलुकत्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी पाहिलं. आवाजाची लाट कॉक्लियातल्या पडद्यावरून धावत जाते. उंच स्वर तोंडाशीच शिखर गाठतात, खर्जातले आत शेंड्यापर्यंत पोचतात. पेटीच्या पट्ट्या ओळीने मांडाव्यात तसे या जेमतेम साडेतीन सेंटिमीटरच्या पट्टीवर स्वर मांडलेले असतात. १९६१चं नोबेल त्यांना याबद्दल मिळालं.

अडचण एकच होती. हालचाल डोळ्यांना दिसावी म्हणून आवाज प्रचंड मोठा ठेवावा लागला होता आणि कान मेलेले होते. त्यांना दिसलेली लाट पसरट होती. जिवंत माणूस दोन जवळच्या स्वरांतला जो बारीक फरक ओळखतो, तो तेवढ्यावरून उलगडत नव्हता. टॉमस गोल्ड नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने १९४८मध्येच म्हटलं होतं की कानातल्या द्रवात अशी बारीक कंपनं तग धरायची तर आतून ऊर्जा पुरवणारं काहीतरी हवं. आणि तसं असेल तर कानातून कधी कधी आवाज बाहेरही यायला हवा. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. गोल्ड पुढे खगोलशास्त्राकडे गेले. तीस वर्षांनी, १९७८मध्ये, डेव्हिड केम्प यांनी लंडनमध्ये कानात छोटा मायक्रोफोन बसवून तो आवाज पकडला. १९८०च्या दशकात कळलं की कॉक्लियात रांगांनी बसलेल्या केशपेशींपैकी बाहेरच्या रांगांमधल्या पेशी विद्युत बदलासरशी आखडतात आणि लांबतात. ऊर्जा पुरवणाऱ्या त्या.

गोल्ड बाहेरचे होते म्हणून त्यांचं ऐकलं गेलं नाही, असं मला वाटतं. आमच्याकडे कान-नाक-घसा तज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट, भौतिकवाले, मानसशास्त्रवाले असे सगळे आपापल्या बाकावर बसतात आणि दुसऱ्या बाकावरचं फारसं वाचत नाहीत.

केम्प यांचा शोध आज प्रसूतिगृहात पोचला आहे. बाळाला दूध पाजून झोपवायचं, कानात मऊ टोकाचा प्रोब ठेवायचा, टिकटिक ऐकवायची आणि काही सहस्रांश सेकंदांनी कान परत काय पाठवतो ते टिपायचं. पडद्यावर रेघ उमटली तेव्हा एका आजीबाईंनी विचारलं, ‘कान काय म्हणतोय?’ ‘ओ देतोय,’ म्हटलं. त्यांना पटलं. फक्त एक ध्यानात ठेवायचं: ही ओ केशपेशींची असते. पुढची नस काम करते की नाही हे त्यातून कळत नाही, म्हणून अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांची नसेचा प्रतिसाद तपासणारी बेरा टेस्ट टाळू नये. ‘पास’चा कागद हातात पडला की घरचे निर्धास्त होतात आणि पुढची तपासणी राहून जाते.

५. कान कोरा नसतो

लिस्कर आणि अब्रामसन यांनी १९६४मध्ये अकरा भाषांतले स्फोटक व्यंजनांचे उच्चार मोजले. त्या अकरांत मराठी होती. ओठ उघडल्यापासून स्वरतंतू थरथरू लागेपर्यंतचा वेळ, एवढ्या एका मोजमापावर अनेक भाषांतली ब आणि प यांसारखी व्यंजनं वेगळी पडतात, असं त्यांचं म्हणणं. आपले भ, ध, घ मात्र या एका फूटपट्टीत मावले नाहीत. पट्टी तोकडी पडते कुठे, हे दाखवून देणारी भाषा आपली, याचा मला थोडा अभिमान वाटतो.

परदेशात शिकताना माझ्या इंग्रज सहकाऱ्याला मी ‘वाट’ आणि ‘वात’ ऐकवले. तो दिवसभर ऐकत राहिला. ‘तू एकच शब्द दोनदा म्हणतेस’ यावर तो ठाम होता. वर्कर आणि टीस यांनी १९८४मध्ये कॅनडात दाखवलं होतं की इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतला ट आणि त यांतला फरक ओळखतात, आणि वर्षाची होईतो त्यांतल्या बहुतेकांना तो ओळखता येत नाही. माझ्या सहकाऱ्याचे कान उत्तम होते. पहिल्या वर्षातच त्यांनी तो फरक बिनकामाचा ठरवून टाकला होता. त्याने मला उलट ‘वेस्ट’ची जोडी ऐकवली, एक दिशेचा आणि एक बनियनचा, तेव्हा मीही तितकीच बावळट ठरले.

६. ऑडिओग्राम बरा म्हणून माणूस बरा, असं नसतं

इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग शेडमध्ये आवाजाचा मीटर ९५ डेसिबलच्या पुढे गेला होता. धोटा दर फेरीला ठाण्णकन आपटतो आणि असे कैक माग एका छताखाली. कामगार एकमेकांशी बोटांनी आणि ओठांनी बोलतात, आणि ते इतकं सफाईदार असतं की नवख्याला वाटतं यांना काही अडत नाही. ८५ डेसिबल आठ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असा संशोधकांचा संकेत आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम पाव तास मिळतो. तिथे पाळ्या बारा तासांच्या होत्या. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या पोरांना हा हिशेब सांगून पाहिला आहे. ते हसतात.

एक कामगार बायकोबरोबर तपासायला आले. ते म्हणाले, ‘मला ऐकू येतंय सगळं. हीच तोंडातल्या तोंडात बोलतीया.’ बाई उसळल्या: ‘तोंडातल्या तोंडात? माझं बोलणं शेजारच्या गल्लीत ऐकू जातंय, मॅडम!’

दोघं खरं बोलत होते. गोंगाटाने आधी मार बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपास. स्वर खालच्या कंप्रतेत असतात आणि जोरकस असतात, ते शाबूत. स, च, त यांची धार वर असते आणि नाजूक असते, ती गेली. बाईंनी साप म्हणावं, चाप म्हणावं की ताप म्हणावं, यांना ‘आप’ ऐकू येणार. आवाज येतो, शब्द येत नाही. वर बाईंनी ओरडून सांगितलं की ‘आ’च आणखी मोठा होतो. त्यापेक्षा समोर येऊन सावकाश बोलावं. ओठ वाचण्यात तर हे आधीच तरबेज.

याहून अवघड असतात ते, ज्यांचा ऑडिओग्राम स्वच्छ येतो आणि तरी लग्नाच्या पंगतीत काही कळत नाही अशी तक्रार असते. पूर्वी अशांना ‘लक्ष नसतं’ म्हणून घरी पाठवायचे. २००९मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर बारीक आवाज ऐकण्याची क्षमता पूर्ववत झाली, तरी कॉक्लियाच्या त्या भागात केशपेशी आणि नस यांच्यातले जवळजवळ निम्मे सांधे कायमचे गेले. माणसांत हे कितपत घडतं यावर अजून खल चालू आहे. पण तक्रार घेऊन आलेल्या माणसावर अविश्वास दाखवायला आता सबब उरलेली नाही.

७. ‘गाणं ऐकू येईल का?’

कॉक्लियर इम्प्लांटबद्दल सगळं समजावून झाल्यावर एका आईने हे विचारलं. शॅनन आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये बोलणं फक्त चार पट्ट्यांत विभागून, प्रत्येक पट्टीतला तपशील पुसून, जोराचा चढउतार तेवढा राखून ऐकवलं. थोड्या सरावाने लोकांना वाक्यं कळली. बोलण्याला इतकं कमी पुरतं, म्हणूनच इम्प्लांटमधले बावीसेक इलेक्ट्रोड साडेतीन हजार आतल्या केशपेशींचं काम भागवू शकतात. पण तानपुऱ्याबद्दल वर जे लिहिलं, ते सगळं त्या पुसलेल्या तपशिलात असतं. मी त्यांना सांगितलं की ताल छान कळेल, शब्द कळतील, सुराचं मात्र आज सांगता येणार नाही. त्यांनी मुलाला तबल्याच्या क्लासला घातलं.

८. ‘पानी’ला चूक देऊ नका

बोललेलं किती कळतं हे तपासायला शब्दांच्या याद्या असतात. यादीतला शब्द ऐकवायचा, माणसाने तो परत म्हणायचा, बरोबर असेल तर गुण. आमच्याकडच्या एका यादीत ‘पाणी’ होता. मराठवाड्यातल्या एका आजोबांनी ‘पानी’ म्हटलं आणि विद्यार्थिनीने फुली मारली. वऱ्हाडातल्या एका बाईंनी ‘काळा’ ऐकून ‘काया’ म्हटलं, पुन्हा फुली. ऑडिओग्रामच्या मानाने दोघांचे गुण वाईट आले, आणि असे गुण पाहून पुढे नसेच्या तपासण्या, एमआरआय, हजारोंचा खर्च सुरू होतो. कानात बिघाड काहीच नव्हता. यादी करणाऱ्यांनी आपल्याच कानांचं मराठी ते सगळ्यांचं मराठी असं धरलं होतं.

तेव्हापासून आम्ही एक पायरी वाढवली. चाचणीआधी यादीतल्या वस्तूंची चित्रं दाखवून माणसाकडून नावं म्हणवून घ्यायची आणि तो जसं म्हणतो तसं लिहून ठेवायचं. मग गुण त्याच्या उच्चाराशी ताडून द्यायचे. दहा मिनिटं जास्त जातात. ओपीडीत रांग लागलेली असताना ती कोणाला परवडत नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून खरं तर बोलीवार याद्या हव्यात. त्या त्या भागातल्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या, ण-न आणि ळ-य यांच्या जोड्या टाळून बेतलेल्या. वऱ्हाडीचं काम मी अर्धं करून ठेवलं आहे. शब्द निवडून झालेत, रेकॉर्डिंग बाकी आहे. अहिराणीला तर अजून हातही लागलेला नाही. कोणाला करायचं असेल तर वह्या माझ्याकडे आहेत.